वाटाड्याचे भाडे

कमी पैशांत प्रवास करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तके लिहिणे हा माझा व्यवसाय आहे, असे सांगितले की आमच्या सोलापुरातल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर आधी हेवा दिसतो आणि मानधनाचा आकडा कळल्यावर कणव. प्रकाशक ठरावीक रक्कम एकदाच देतात. एसटीचे तिकीट, खोलीचे भाडे आणि चहा त्यातूनच भागवायचा असल्यामुळे वाचकांना मी स्वस्त खोल्या सुचवतो, यामागे कोणताही अभ्यास नसून त्याहून महाग खोलीत मी कधी शिरलेलोच नाही, एवढेच कारण आहे.

या धंद्यातले एक थोर पूर्वज म्हणजे बेडेकर. हे लोणच्याचे नव्हेत; एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकर. मिलानच्या कॅथेड्रलच्या पायऱ्या मोजताना ते दर वीस पायऱ्यांमागे एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत, असे सांगतात. तोच प्रयोग मी नळदुर्गच्या उपळी बुरुजावर केला. वाटाण्यांऐवजी मी सोलापूरकराला शोभतील असे भाजलेले शेंगदाणे घेतले होते, आणि वर पोहोचलो तेव्हा माझे दोन्ही खिसे रिकामे होते. पुस्तकात मी ‘पायऱ्या बऱ्याच आहेत’ असे लिहिले.

खरी कसोटी लॉजमध्ये लागते. मे महिन्याच्या उन्हात, पारा त्रेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, एका दिवसात आठ-आठ लॉज पाहायचे. नळ सोडून बघायचा, पंख्याचे बटण दाबायचे, गरम पाणी किती वाजेपर्यंत येते ते विचारायचे आणि राहायचे मात्र एकाही ठिकाणी नाही. अशा गिऱ्हाइकाकडे मॅनेजर ज्या नजरेने पाहतो, ती मला आता सरावाची झाली आहे. एकदा मी गादीवरची चादर उचलून खालची बाजू पाहिली, तेव्हा मात्र तो दुखावला.

“सोलापुरात येऊन चादर तपासायलाव व्हय?” तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते.

एवढे करून सोलापूरच्या वाट्याला आले अर्धे पान. सिद्धेश्वराचा तलाव, भुईकोट किल्ला, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांवर मी जीव ओतून नऊ पाने लिहिली होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार वीरांवरही एक परिच्छेद होता. संपादकांनी त्यातून हुतात्मा एक्सप्रेसची वेळ आणि स्टँडजवळच्या एका लॉजचे नाव तेवढे ठेवले आणि वर ओळ घातली की, येथून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि विजापूरला जाणे सोयीचे आहे. म्हणजे सोलापूरची मुख्य सोय ही की तेथून निघता येते! माझ्या आईने ते पान वाचून दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

भाव हा आमचा कायमचा रोग आहे. मी खोलीचे भाडे टिपून घेतो, मग पुस्तक छापखान्यात जाते, आणि ते दुकानात येईपर्यंत भाडे वाढलेले असते. त्यानंतर एखादे वाचक रात्री साडेअकराला फोन करून वरचे दीडशे रुपये कोणी द्यायचे, असे मला विचारतात.

दुसऱ्या आवृत्तीसाठी गेल्या महिन्यात मी स्टँडजवळच्या त्याच लॉजमध्ये गेलो, आणि या वेळी उशीर झाल्यामुळे तेथे राहणे भाग होते. काउंटरच्या काचेखाली माझे अर्धे पान लॅमिनेट करून ठेवलेले होते. भाडे पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कसे, असे मी विचारताच मॅनेजरने त्या पानावर बोट आपटले.

“पुस्तकात नाव आलंय की ओ आमचं. आता साधं लॉज नाही राहिलं हे.”

लेखक मीच, हे सांगावे असे क्षणभर वाटले. परंतु मागच्या वेळी चादर उलटणारा तो मीच, हेही त्याला आठवले असते. मी मुकाट्याने पैसे भरले आणि पावती मागून घेतली. पहिल्या आवृत्तीच्या पावत्या प्रकाशकांकडे अजून पडून आहेत, त्यांनाच ही जोडायची आहे.