‘मोठ्यांच्या डोक्यात गजकर्ण होतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

‘मोठ्या माणसांच्या डोक्यात गजकर्ण होत नाही. खाज आली, खवले पडले की समजा कोंडा. संत्र्याच्या सालीचा लेप लावा, नाही गेलं तर गजकर्णाची ट्यूब चोळा, नाहीतर टक्कल करा. गोळ्या मात्र घेऊ नका, लिव्हर जातं.’ उन्हाळा लागला की हा मेसेज नागपुरातल्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरायला लागतो. मी धंतोलीत एका लॅबमध्ये स्लाइड बघते. या मेसेजपायी लोकांचे केस कायमचे जातात, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

मोठ्यांना होत नाही? गजकर्ण हा बुरशीचा आजार. लहान मुलांत तो जास्त, एवढं खरं. वयात आल्यावर डोक्याच्या त्वचेला जे तेल सुटतं, त्यातली आम्लं बुरशीला दाबून ठेवतात. पण पाळी गेल्यावर बायकांचं हे तेल कमी होतं. मधुमेह असेल, दमा-संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर प्रतिकारशक्तीही कमी पडते. पन्नाशी-साठीच्या काकूंना म्हणूनच हा आजार गाठतो, आणि ‘या वयात कोंडाच असणार’ म्हणून घरात कोणी लक्षच देत नाही.

खवले म्हणजे कोंडाच? कोंड्याने केस तुटत नाहीत. बुरशीने ते त्वचेलगत तुटतात आणि जागेवर काळे ठिपके उरतात. मानेच्या मागे कधी गाठीही लागतात. चाई पडली तर जागा गुळगुळीत असते, खवले नसतात. तरी मोठ्यांमध्ये नुसते विखुरलेले खवलेच दिसू शकतात. तिथे नजरेवर भरवसा ठेवू नये, तपासणी करावी.

ट्यूबचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तुटका केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला की काही वेळाने तो मऊ आणि पारदर्शक होतो. मग मायक्रोस्कोपखाली केसाच्या आत गोल बीजाणू खच्चून भरलेले दिसतात. आपल्याकडे नेहमी सापडणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम ही बुरशी अशीच केसाच्या आत शिरून बसते. वरून चोळलेलं मलम तिथवर पोचणार कसं? त्यात दुकानातून मागून आणलेल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. खाज थांबते, माणूस निश्चिंत होतो आणि बुरशी पसरत राहते. 2018 साली सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ‘ती खाजेची द्या’ म्हटलं की मिळतेच.

संत्र्याच्या सालीने बुरशी जात नाही, आधीच सोललेली त्वचा चुरचुरते. टक्कल केलं तरी मुळातली बुरशी तशीच राहते, वर वस्तऱ्यावरून ती दुसऱ्याकडे जाऊ शकते.

आता गोळ्या. या आजारावर खरा इलाज गोळ्यांचाच: ग्रिसिओफुल्विन, टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोल, बुरशी कोणती ते बघून चार ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. कीटोकोनॅझोलचा शांपू जोडीला, घरातल्यांना लागण होऊ नये म्हणून. लिव्हरची काळजी चुकीची नाही. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांची रक्ततपासणी डॉक्टर करून घेतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत इट्राकोनॅझोल चालत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. पण या भीतीने इलाजच टाळला आणि डोक्यात पू भरलेली मऊ सूज आली, तर तिथली मुळं मरतात. त्या जागी मग केस येत नाहीत.

घरात एकाला निघालं की सगळ्यांची डोकी बघा. कंगवा, टॉवेल, उन्हात बांधायचा दुपट्टा, हेल्मेट ज्याचं त्याला वेगळं ठेवा. मांजर-कुत्र्याच्या अंगावर केस गेलेले चट्टे असतील तर त्यालाही दाखवून आणा.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. तपासणीला येताना डोक्याला तेल, मलम काही लावू नका. कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला चार आठवडेही लागू शकतात, तोवर थांबायचं की गोळ्या सुरू करायच्या, ते डॉक्टरांना विचारा.