दुसऱ्या मजल्याला लिफ्ट कशाला?

आज संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले तर आमच्या विंगमधल्या एक काकू म्हणाल्या, "एवढी तरणीताठी तू, दुसऱ्या मजल्याला लिफ्ट कशाला गं?" मी हसले. घरी आल्यापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

2021 च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. ॲडमिट नाही, काही नाही, घरीच. 17 दिवसांनी निगेटिव्ह, म्हणजे कागदावर बरी. 2022 च्या फेब्रुवारीत ऑफिस सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर अर्ध्या जिन्यात दम संपला, छातीत धडधड, पाय लटपटतायत, मागून "ओ मॅडम, चला ना" चाललंय, शेवटी पायरीवरच बसले. शेजारी टोपली घेऊन एक म्हातारी कोळीण बसलेली, ती सरकली आणि म्हणाली, "बस गो बाय. गाडी काय, दुसरी येल." बास. काय होतंय, का होतंय, एक प्रश्न नाही.

डॉक्टरांकडे एक्सरे, ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, रोज वॉक करा." केला ना! तिसऱ्या दिवशी अशी आडवी झाले की केस विंचरायला हात उचलेना. आज ताणलं की उद्या अंथरूण, हेच तर लाँग कोविडचं, म्हणजे कोविड गेल्यावरही रेंगाळणाऱ्या दुखण्याचं लक्षण, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. डब्ल्यूएचओने 2021 च्या ऑक्टोबरमध्येच त्याची व्याख्या केली होती, आजारानंतर 3 महिने उलटले तरी थकवा, दम, डोक्यात धुकं, कमीत कमी 2 महिने टिकलेलं आणि दुसरं कारण सापडत नाही. लाँग कोविड हे नाव तर त्याच्याही आधी पेशंटांनीच ठेवलेलं. आणि मी इथे कुकरच्या शिट्ट्या मोजताना विसरतेय आणि घरचे म्हणतायत वय झालं तुझं. वय 38!!

चिकनगुनियात सांधे सहा महिने धरले तर कोणी नाटक म्हणतं का? नाही, उलट तेल आणून देतात. मग आमच्याच दमाला पुरावा का लागतो?

बरं, मान्य, सगळंच कोविडवर ढकलता येत नाही. माझं हिमोग्लोबिन पण कमी होतं. गोळ्यांनी ते वर आलं, दम आहे तिथेच. आणि काही लोक खरंच कामं टाळतात, तेही मान्य, पण त्यांची उलटतपासणी लिफ्टमध्ये माझी का?

जाऊ दे. काकू वाईट नाहीत, त्या एप्रिलमध्ये दारात डबा ठेवून बेल वाजवून पळायच्या त्याच या. त्यांना खरंच वाटतंय की मी तेव्हाच बरी झाले. दिसतेच तशी, त्यात त्यांचा काय दोष.

एक राहिलं. त्या कोळणीच्या टोपलीत सुकट होती. मी हातभर अंतरावर बसलेले आणि मला वासच नव्हता, टोपलीवरचं फडकं सरकलं तेव्हा दिसली. मागच्या महिन्यात बाजारातून जाताना एकदम सुकटीचा वास आला, हलकासा, पण आला. नवरा नाक दाबून पुढे निघून गेला आणि मी तिथून हलेना.