सांभाळायचं नाही तर सोडा ना राव!

एयूआर म्हणजे आर्च लिनक्स वापरणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चढवलेल्या पॅकेजांचा साठा. तिथं आपण सांभाळत असलेलं पॅकेज सोडून द्यायला 'डिसओन' नावाची सोय आहे. दोन क्लिकचं काम. तेवढंही काही लोकांच्यानं होत नाही, आणि माझं डोकं तिथंच सटकतं.

परभणीत मित्राचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीकविम्याची मुदत तोंडावर, बाहेर सातबारा घेऊन शेतकरी उभे, आणि आत नव्यानं चढवलेल्या मशीनवर प्रिंटरचा एयूआरवरचा ड्रायव्हर बिल्ड होईना. (आर्च का टाकलं म्हणून विचारू नका. मशीन जुनं, विंडोज रडायलं होतं.) कारण काय, तर कंपनीनं फाईलची जागा बदलली आणि पीकेजीबिल्डमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाईल) पत्ता जुनाच. ती फाईल चालवणारं मेकपीकेजी डाउनलोडलाच ४०४ ('फाईल सापडत नाही') खाऊन बसतं. दुरुस्ती किती? सोर्सची एक ओळ, फार तर चेकसमची (उतरवलेली फाईल बरोबर आहे का ते तपासणारा आकडा) एक, एसआरसीइन्फो (पॅकेजच्या माहितीची फाईल) नव्यानं काढायची आणि पुश, म्हणजे एयूआरवर चढवायचं. पण पुश करणारा बाबा, म्हणजे पॅकेज सांभाळणारा मेंटेनर, गायब. मेलला उत्तर नाही. को-मेंटेनर म्हणून घ्या, मी करतो म्हणलं, त्यालाही नाही. म्हणजे हा प्रिंटर असणारा जो तो आपापल्या घरी बसून तीच एक ओळ बदलायलाय!

फुकटचं काम आहे, तो काय तुझा नोकर आहे का, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. नोकरी लागली, लेकरं झाली, कंटाळा आला, चालतंय की. त्याचा राग नाहीच. राग नाव अडवून ठेवण्याचा आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि स्वतः गाडीत चढायचंच नाही. गंगाखेडपर्यंत माणसं उभी आणि सीटवर रुमाल बसलेला!

नियम आहेत. ऑर्फन रिक्वेस्ट (पॅकेज बेवारस करा अशी मागणी) टाका, मेंटेनर दोन आठवडे गप्प राहिला तर पॅकेज मोकळं. आउट-ऑफ-डेटचा (जुनं झालंय असा) फ्लॅग १८० दिवस पडून असेल तर रिक्वेस्ट आपोआप मंजूर. ही वाट बघणं मला मान्य आहे. २०१८ च्या जुलैत बेवारस पडलेलं पीडीएफ वाचायचं अ‍ॅक्रोरीड कुणीतरी दत्तक घेतलं आणि त्यात बाहेरून स्क्रिप्ट ओढून चालवणारी ओळ घुसवली. मागेल त्याला लगेच देऊन टाका, असं मी कशाला म्हणू?

पण आमचे मेंटेनर साहेब नियमाला पुरून उरलेत. रिक्वेस्ट गेली की बरोबर जागे होतेत. फ्लॅग काढतेत, 'लवकरच बघतो' म्हणतेत, की परत गुडूप. झालं, १८० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. रिक्वेस्ट बघणारेही स्वयंसेवकच. मेंटेनर बोलला म्हणल्यावर ते तरी काय करतील? जाग फक्त मालकी जायची वेळ आली की येते. ओळ बदलायला नाही येत!

आणि फ्लॅग मारणारेही कमी नाहीत. गिट पॅकेजवर (थेट ताज्या कोडवरून बनणारं) व्हर्जनचा आकडा जुना दिसला की मार फ्लॅग. अरे, तो आकडा बिल्ड करताना निघतो, वाचा की जरा.

वेगळ्या नावानं चढवावं तर डुप्लिकेट म्हणून उडवतील, आणि उडवायलाच पाहिजे. म्हणून दुरुस्त केलेली प्रत माझ्याच गिटमध्ये ठेवलीय आणि केंद्रातली मशीनं त्यावर चालू आहेत. साहेब, एक विचारू? तो प्रिंटर तरी आहे का तुमच्याकडं अजून?