ग्रुप असताना क्लब कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मत्स्यालय क्लब पुन्हा उभा करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी चिडून लिहिलंत. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते उडवून लावल्यासारखं झालं असतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बंद पडलेला क्लब सुरू करताना घटना, नोंदणी आणि कार्यकारिणी यांच्या मागे आधी लागू नये. पाच-सहा जणांनी जमावं, आपल्याकडे वाढलेले मासे, रोपं, जिवंत खाद्याची कल्चरं (डबीत वाढवलेले बारीक जीव) एका टेबलावर मांडून एकमेकांना द्यायला लागावं, बाकीचं मागाहून येतं, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. माहिती आता मोबाइलवर मिळते आणि गप्पांना ग्रुप आहेत, तेव्हा क्लब कालबाह्य झालाय. दुसरं, नियमांशिवाय जमलेलं टोळकं टिकत नाही. तुमचा जुना क्लब पदांच्या भांडणात संपला. आणि तिसरं, माशांची देवघेव म्हणजे रोगांची देवघेव. ‘तुमचं ते टेबल पांढऱ्या ठिपक्यांचं वाटप केंद्र होईल,’ असं तुम्ही लिहिलंय.

तिसऱ्यात सगळ्यात जास्त वजन आहे, म्हणून आधी तोच घेतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणजे इक या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीत रुतून बसलेला असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो पोसला की गळून तळाशी पडतो, कवच करतो, आत विभागून त्याचे शेकडो होतात, आणि ते नवा मासा शोधत पोहायला लागतात. औषध लागू पडतं ते या पोहण्याच्या काळात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं. त्यामुळे पिशवीत झकास दिसणारा मासा निरोगी असेलच असं नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. माशाच्या आतड्यात राहणारे कामालानस जंत तर त्याहून छुपे. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धाग्यासारखी टोकं डोकावायला लागतात तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं, आणि मग लेव्हामिसोल हे जंतांचं औषध द्यायचं तर एका माशाला देऊन भागत नाही, सगळ्या टाकीला द्यावं लागतं.

पण मग हा मासा दुसरीकडून आणला तर काय होतं, तेही बघू या. पैदास करणारा, ठोक व्यापारी, दुकान अशा प्रत्येक टप्प्यावर तो दहा ठिकाणच्या माशांच्या पाण्यात मिसळतो. बऱ्याच ठिकाणी सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असतं. तिथे कुणाला विचारणार, की गेल्या दोन महिन्यांत या पाण्यात नवीन काय आलं होतं? सभासदाला विचारता येतं. त्याला ते माहीत असतं, आणि पुढच्या महिन्यात तोंड दाखवायचं असल्यामुळे तो बहुधा खरं सांगतो. रोगाचा धोका क्लबमध्येही आहेच, पण त्याचा माग काढता येतो.

म्हणून टेबलाचे नियम कडक हवेत, आणि इथे मी तुमच्याही पुढे जायला तयार आहे. ज्या टाकीत गेल्या चार आठवड्यांत नवा मासा पडलाय, त्या टाकीतलं काहीही टेबलावर यायचं नाही. घेणाऱ्यानेही चार आठवडे मासा वेगळा ठेवायचा. त्यासाठी मोठा थाट लागत नाही: छोटी टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा, तळाला वाळू-खडे काही नाही. हे ज्याच्याकडे नाही त्याने सध्या रोपं न्यावीत. (रोपांबरोबर गोगलगायी आणि हायड्रा, प्लॅनेरिया असले बारीक जीव फुकट मिळतात, पण त्यांनी सहसा मोठे मासे मरत नाहीत.) जाळी प्रत्येकाने आपापली आणायची, उसनी द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही, ती इथेच सांगून टाकतो. माशाला आदल्या दिवशी खायला घालू नये. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवावी. घरी नेल्यावर, विशेषतः प्रवास लांबचा झाला असेल तर, पिशवी उघडी करून तासभर पाण्यावर तरंगत ठेवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. तेव्हा तापमान जुळेपर्यंत पिशवी बंदच ठेवावी, आणि उघडल्यावर रेंगाळू नये. टेबलावरच्या कित्येक ‘रोगट’ माशांचा जीव रोगाने गेलेला नसतो, घरी पोचल्यावरच्या या तासाभरात गेलेला असतो.

आता माहितीकडे वळतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं हे समजावणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यांतले काही उत्तमही आहेत. पण व्हिडिओ करणाऱ्याच्या नळाला वेगळं पाणी येतं. ‘पाणी एक दिवस बादलीत भरून ठेवा, क्लोरीन उडून जातो’ हा नेहमीचा सल्ला बघा. पाणीपुरवठ्यात नुसता क्लोरीन वापरत असतील तर तो ठीक आहे. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरत असतील तर एका दिवसात ते फारसं हलत नाही, आणि क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने तोडलंत तर क्लोरीन निकालात निघतो पण अमोनिया मागे उरतो. तुमच्याकडे यातलं काय आहे, पावसाळ्यात गढूळ पाणी यायला लागल्यावर डोस वाढवतात का, कडकपणा किती, हे त्याच जलवाहिनीवर टाकी चालवणाऱ्याला अनुभवाने कळलेलं असतं. पाणी मऊ असेल तर आणखी एक भानगड. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, म्हणजे केएच, खर्च होत जातो; तो मुळातच कमी असेल तर पाणी बदलायला आळस केलेल्या टाकीत एके दिवशी पीएच धाडकन कोसळतो. ज्यांच्याकडे कडक पाणी आहे त्यांना हा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे ते मनापासून सांगतात की असं काही होतच नाही. ग्रुपवर यावरून दोनशे मेसेजचं भांडण होतं आणि दोघंही आपापल्या पाण्यापुरते बरोबर असतात!

शिवाय काही गोष्टी मेसेजमधून पाठवता येतच नाहीत. नवी टाकी नुसती सुरू करून ठेवली तर सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे जातात. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज ओला ठेवून त्याच दिवशी आणून लावला तर हा काळ खूपच कमी होतो. हा स्पंज फुकट असतो, पण तो देणारा माणूस जवळ राहणारा लागतो. मायक्रोवर्मचं, म्हणजे पिल्लांना घालायच्या बारीक अळ्यांचं, कल्चर कधी ना कधी मरतंच, आणि नेमकी पिल्लं पोहायला लागतात त्याच आठवड्यात मरतं. दुसऱ्या घरी त्याचीच फांदी चालू असेल तर चमचाभर आणून पुन्हा सुरू करता येतं.

किलीफिशवाल्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते चांगलं आहे. अमेरिकन किलीफिश असोसिएशन १९६१पासून चालू आहे आणि तिचे सभासद एकमेकांपासून शेकडो मैलांवर राहतात. पण वार्षिक, म्हणजे एका मोसमात आयुष्य संपणाऱ्या, किलीफिशची अंडी ओलसर पीटमध्ये महिनोन्‌महिने सुप्तावस्थेत जिवंत राहतात, पाकिटात घालून पाठवता येतात. एका माशाचा तो स्वभाव आहे, म्हणून तो क्लब टपालावर चालला. हातभर वाढलेला प्लेको, म्हणजे काचेला चिकटणारा तो मोठा मासा, पाकिटात मावत नाही.

प्लेकोवरून आठवलं. टाकीत न मावणारे मासे शेवटी जातात कुठे? कुणीतरी रात्री जाऊन तळ्यात सोडतो आणि पुण्य केल्यासारखा घरी येतो. अटलांटिकमधल्या लायनफिशची पहिली नोंद १९८५ची, फ्लोरिडाजवळची. ते मुळात पाळीव मत्स्यालयांतून सुटले किंवा सोडले गेले असं मानलं जातं, आणि आता तिथल्या प्रवाळांवर त्यांचा सुळसुळाट आहे. ‘नको झालेला मासा आमच्याकडे आणा, प्रश्न विचारणार नाही’ एवढी एकच सेवा क्लबने चालवली तरी त्याचं अस्तित्व सार्थकी लागेल, असं माझं ठाम मत आहे.

लेबलांच्या माझ्या आग्रहाला तुम्ही ‘सरकारी खाक्या’ म्हटलंत. गंमत वाटली, कारण त्याच प्रतिक्रियेत वर तुम्ही नियम नाहीत म्हणून मला झोडपलंय. तर लेबल का? एंडलर हा गप्पीचा जवळचा नातलग मासा; त्या दोघांचा संकर सहज होतो, पिल्लंही पुढे वितात, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर नुसतं बघून काही सांगता येत नाही. त्यात मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणजे एकटी आणलेली मादीसुद्धा कुणाची पिल्लं देईल ते तिच्या मागच्या टाकीवर ठरतं. एंडलर पाळणाऱ्यांनी म्हणूनच एन, पी, के अशी वर्गवारी काढली: कागदोपत्री शुद्ध, दिसायला शुद्ध पण पुरावा नाही, आणि संकरित. संकरित पाळण्यात काहीच वाईट नाही. शुद्ध म्हणून देण्यात आहे. पिशवीवर जात, संख्या, कुठल्या वाणाची, कुणाच्या टाकीतली आणि तारीख एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

आणि हा अर्धा मिनिट कुठवर जातो त्याचं एक उदाहरण. मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतला टकीला स्प्लिटफिन हा बोटाएवढा मासा २००३च्या सुमारास निसर्गातून नाहीसा झाला. त्याआधी, १९९८मध्ये, इव्हान डिबल नावाच्या इंग्लिश हौशी मत्स्यपालकाने चेस्टर प्राणिसंग्रहालयातून त्याच्या पाच जोड्या मोरेलियाच्या मिचोआकाना विद्यापीठात पोचवल्या होत्या. त्या वंशातले पंधराशेवर मासे पुढे पुन्हा नदीत सोडले गेले आणि तिथे ते वाढले. हे मासे नेमके कुठले, याची खात्री नसती तर नदीत सोडायची हिंमत कुणी केली असती? आपल्या हातून असं काही घडेलच असं मी म्हणत नाही. पण भेसळ झालेला वाण या कामाचा उरत नाही एवढं नक्की.

कार्यकारिणीबद्दल थोडंच लिहितो, कारण तुमचाच दाखला माझ्या बाजूचा आहे. तुमच्या क्लबला घटना होती, नोंदणी होती, दोन उपाध्यक्ष होते. तरी तो संपला. शेवटच्या वर्षी सभासदांच्या घरी किती जातींची पिल्लं झाली होती, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही, पण उपाध्यक्ष कुणी व्हायचं यावर एक अख्खा परिच्छेद आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पैसे गोळा व्हायला लागले की हिशेब लिहून ठेवायला आणि दोन सह्या लागायला हव्यात, हे मान्य. विक्रेत्यांबद्दलचा नियमही पहिल्या दिवसापासून हवा: टेबलावर फक्त स्वतःच्या घरी वाढलेलं यावं, विकत आणून विकलेलं नाही. त्याखेरीज पदं वाटायचीच असतील तर पैदाशीचे गुण मोजणारा एक माणूस नेमा. जगभरचे जुने क्लब हे करतात. पिल्लं ३० किंवा ६० दिवस जगली की जातीच्या अवघडपणानुसार गुण मिळतात, आणि त्यांतली काही क्लबला द्यावी लागतात. ईर्ष्या माणसांत असतेच, ती खुर्चीपेक्षा कोरीडोरास माशाच्या अंड्यांवर खर्ची पडलेली बरी.

जुन्या सभासदांना कसं बोलवायचं, असं तुम्ही विचारलंत, की टोमणा मारलात, ते नीट कळलं नाही. विचारलंत असं समजून उत्तर देतो. ‘क्लब परत सुरू करतोय, या’ असा फोन केला की समोरच्याला जुनी भांडणं आठवतात. ‘तुमच्याकडे अजून काय उरलंय?’ असं विचारावं. कुणाच्या गच्चीवरच्या टाकीत वीस वर्षं तगलेली क्रिप्टोकोरीन ही पाणवनस्पती निघते, कुणी फक्त एक बेट्टा मासा ठेवलेला असतो, कुणाकडे रिकाम्या काचा आणि चांगला एअर पंप असतो. ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही त्याच्यासाठी कुणाची तरी जास्तीची रोपं घेऊन जावं.

प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की तुमच्या काळ्या एंजल माशांची ओळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वाण, अजून तुमच्याकडे आहे आणि हल्ली जोड्या अंडी खाऊन टाकतात. एकच घर, एकच पाणी आणि त्याच त्या रक्तातल्या जोड्या. टाकी फुटली किंवा वीज दोन दिवस गेली तर ओळ संपली. आठ-दहा पिल्लं सोडायची तयारी असेल तर दोन वेगवेगळ्या घरी वाढवायला माणसं मी शोधतो. दोघांकडेही चार आठवडे वेगळं ठेवायची सोय असेल, आणि टाकीत दुसरी एंजल नसेल. नंतर त्यातूनच तुम्हाला वेगळ्या जोड्या परत मिळतील. अंडी खाण्याबद्दल: जोडी नवखी असेल तर पहिली काही वेळा हे होतंच. पण जुन्या जोड्याही खात असतील तर अंडी पानासकट उचलून वेगळ्या टाकीत हलवून बघा, हवेचा दगड अंड्यांच्या शेजारी लावा, पांढरी पडलेली अंडी काढत राहा. कोणत्या पाण्यात घालताहेत, केएच किती आहे, तेवढं कळवा.