हॉटेलातले जेवण आणि हॉटेलातली हवा

५ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्रातील हॉटेले निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली. त्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागला आणि पुढच्या प्रत्येक लाटेत तो थोडेफार शब्द बदलून परत येत राहिला. आजही रुग्ण वाढल्याची बातमी आली की कोणीतरी तो पुढे पाठवतोच. त्याचा आशय असा : हॉटेलात जेवल्याने कोरोना होतो ही निव्वळ भीती आहे. अन्न तव्यावर आणि उकळत्या तेलात शिजते, त्यात विषाणू टिकत नाही. दारात ताप तपासतात, हातावर सॅनिटायझर देतात. टेबलांमध्ये सहा फूट अंतर असते आणि एसी असल्याने हवाही स्वच्छ असते. वेटर मास्क लावतात. आम्ही कितीदा गेलो, काही झाले नाही. हॉटेलातून कोरोना पसरल्याचा पुरावा नाही. सरकारने विचार करूनच परवानगी दिली आहे, शिवाय आता लसही झाली आहे. आणि तुम्ही गेला नाहीत तर तिथे राबणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो.

आमच्या घरातल्या दोन पिढ्या खाणावळीवर जगल्या आहेत. शटर खाली असताना भाडे, वीजबिल आणि आचाऱ्याचा पगार कसा उभा करावा लागतो, हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे हा मजकूर ज्या कळकळीने पाठवला जातो ती मला समजते. पण त्यावर विसंबून लोक आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन बंद खोलीत दीड-दोन तास बसणार असतील, तर त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहायलाच हवा.

अन्नाचा मुद्दा खरा आहे, आणि तो खरा आहे असे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना या दोघींनी एप्रिल २०२० मध्येच अन्नातून किंवा अन्नाच्या वेष्टनातून लागण होण्याची शक्यता फारच कमी असल्याचे सांगितले होते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याचा धोका साधारणपणे दहा हजार स्पर्शांत एकाहूनही कमी असल्याचे मांडले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुण्यात आणि भाजी दिवसभर गॅलरीत पसरून ठेवण्यात आपण जे कष्ट घेतले, ते त्या वेळच्या अपुऱ्या माहितीवर घेतले होते. मात्र यातून एवढेच सिद्ध होते की थाळीतली भाजी सुरक्षित आहे. ती थाळी जिथे बसून खायची त्या खोलीबद्दल यातून काहीच कळत नाही, कारण हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे आत जातो. घरी आणलेले पार्सल आणि हॉटेलात बसून घेतलेली तीच भाजी यांत अन्नाचा काहीच फरक नाही. फरक आहे तो भोवतालच्या माणसांचा आणि त्यांनी सोडलेल्या हवेचा.

दारातल्या तपासणीबद्दल बोलताना चीनमधील ग्वांगजौ शहरातील एका जेवणाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती पुढच्या मुद्द्यालाही उपयोगी आहे. २४ जानेवारी २०२० रोजी, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, एक कुटुंब तिथल्या एका उपाहारगृहात दुपारच्या जेवणाला बसले. आदल्याच दिवशी ते वुहानहून आले होते. त्यांच्यातल्या एका स्त्रीला त्याच दिवशी, पण जेवणानंतर, ताप आणि खोकला सुरू झाला. म्हणजे जेवणाच्या वेळी दारात कोणी तिच्या कपाळासमोर थर्मल गन धरली असती, तरी ती आत गेलीच असती. हा योगायोग नव्हता. लक्षणे दिसण्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हे २०२० च्या वसंतातच अभ्यासकांच्या लक्षात आले होते. आणि काहींना तर शेवटपर्यंत ताप येतच नाही. ताप असलेल्या माणसाला दारातून परत पाठवणे योग्यच आहे, परंतु ज्याला परत पाठवले नाही तो निरोगी आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता अंतर आणि एसी. मजकुरात हे दोन्ही एका ओळीत उरकले आहे, पण सगळ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. ग्वांगजौच्या त्या मजल्यावर १५ टेबलांवर ८३ माणसे जेवत होती आणि ८ कर्मचारी होते. खोलीला खिडकी नव्हती, एसी चालू होता. पुढच्या दोन आठवड्यांत एकूण १० जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांतले पाच जण डाव्या-उजव्या टेबलांवरच्या दोन अनोळखी कुटुंबांतले होते. या कुटुंबांचा परस्परांशी काही संपर्क आल्याचे कॅमेऱ्यातील चित्रणात दिसले नाही. वुहानहून आलेल्या कुटुंबाच्या वेळा त्यांतल्या एका कुटुंबाबरोबर ५३ मिनिटे जुळल्या होत्या आणि दुसऱ्याबरोबर ७३ मिनिटे. ही तिन्ही टेबले एकाच एसी यंत्राच्या झोतात ओळीने मांडलेली होती. उरलेल्या ७३ ग्राहकांपैकी आणि कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही लागण झाली नाही. नंतर त्या खोलीतील हवेचे मोजमाप झाले, तेव्हा बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर, किंवा त्याहूनही कमी, येत असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशा जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर हवा सुचवली आहे.

यावर कोणी म्हणेल की तिथे टेबलांमध्ये एकच मीटर अंतर होते, आमच्याकडे सहा फूट ठेवतात. दक्षिण कोरियातील जेओंजू शहरात जून २०२० मध्ये घडलेल्या घटनेत हेही उत्तर टिकत नाही. तिथे एका शाळकरी मुलीला ६.५ मीटर, म्हणजे एकवीस फुटांहून जास्त अंतरावर बसलेल्या व्यक्तीकडून लागण झाली. दोघी एका छताखाली एकत्र होत्या अवघी पाच मिनिटे. ली जू-ह्यंग या साथरोगतज्ज्ञांच्या चमूने प्रत्यक्ष उपाहारगृहात जाऊन एसीचा झोत कुठून कुठे वाहतो ते मोजले, तेव्हा ती मुलगी थेट त्या झोताच्या वाटेत बसली होती असे आढळले. तिच्यापेक्षा जवळ बसलेल्या, पण झोतात नसलेल्या माणसांना काही झाले नाही.

सहा फुटांचा नियम पूर्वीच्या समजुतीतून आला होता : खोकताना किंवा बोलताना तोंडातून उडणारे थेंब जड असतात आणि थोड्या अंतरावर खाली पडतात. मोठ्या थेंबांबाबत ते खरे आहे. परंतु आपण साधा श्वास सोडतो तेव्हासुद्धा अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात आणि ते अगरबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. देवघरात लावलेल्या अगरबत्तीचा वास दिवाणखान्यात यायला कितीसा वेळ लागतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. जुलै २०२० मध्ये २३९ वैज्ञानिकांनी जाहीर आवाहन करून हीच बाब आरोग्य यंत्रणांच्या कानावर घातली होती.

आपल्याकडच्या बहुसंख्य मध्यम हॉटेलांच्या ‘एसी रूम’मध्ये भिंतीवरचे स्प्लिट एसी असतात. असे यंत्र खोलीतलीच हवा आत ओढते, थंड करते आणि पुन्हा खोलीतच सोडते. बाहेरची हवा ते आणत नाही, आतली बाहेर टाकत नाही. त्याच्या जाळीत धूळ अडकते, विषाणूवाहक सूक्ष्म तुषार अडकत नाहीत. गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद असतात आणि पडदे ओढलेले असतात. हवा थंड आणि सुवासिक असली की ती स्वच्छ आहे असे आपल्याला वाटते, पण तो केवळ त्वचेचा आणि नाकाचा अनुभव आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जून २०२० च्या नियमावलीत एसीचे तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के असावी असे आकडे दिले होते. ताजी हवा मात्र ‘शक्य तितकी’ घ्यावी, एवढेच म्हटले होते. जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती तिलाच आकडा नव्हता, याची मला आजही खंत वाटते. उलट, ज्या ‘नॉन-एसी’ भागात आपण नाइलाजाने बसतो, उंच छताचा, दोन बाजूंनी उघडा, रस्त्याचा धुरळा येणारा, तो या एका बाबतीत कितीतरी बरा होता. आणि अंगणात, गच्चीवर किंवा महामार्गावरच्या ढाब्याच्या खाटेवर बसणे त्याहूनही बरे.

वेटरच्या मास्कबद्दल फार बोलण्याची गरज नाही. तो असणे चांगलेच, पण जेवणारा माणूस मास्क लावून जेवू शकत नाही आणि खोलीत जेवणारेच संख्येने जास्त असतात. त्यात गाणी मोठ्याने लावलेली असली की सगळे आवाज चढवून बोलतात, आणि आवाज जितका मोठा तितके बाहेर पडणारे तुषार जास्त, हे महामारीच्या आधीच, २०१९ मध्ये, प्रयोगाने दाखवले गेले होते.

‘आम्ही कितीदा गेलो, काही झाले नाही’ हा अनुभव खोटा नाही. बहुतेक वेळा काही होत नाहीच. हाँगकाँगमधील २०२० च्या रुग्णांचा माग काढला तेव्हा सुमारे १९ टक्के रुग्णांकडून तिथला ८० टक्के स्थानिक प्रसार झाल्याचा अंदाज निघाला. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत ८४,९६५ बाधितांच्या ५,७५,०७१ संपर्कांचा जो प्रचंड अभ्यास झाला, त्यातही सुमारे सत्तर टक्के बाधितांच्या तपासलेल्या संपर्कांपैकी कोणालाच लागण आढळली नाही. हा आजार सगळीकडे थोडाथोडा पसरत नाही. एखाद्या बंद खोलीत, एखाद्या दिवशी, एका माणसाकडून अनेकांना होतो. दहा वेळा सुखरूप परत आलेल्या माणसाच्या हाती अकराव्या वेळेबद्दल काही माहिती नसते, कारण अकराव्या दिवशी शेजारच्या टेबलावर कोण असेल हे त्याला आदल्या दहा दिवसांवरून कळत नाही.

पुराव्याचा मुद्दा याला लागूनच येतो. घरातल्या माणसाकडून लागण झाली तर ती ताबडतोब लक्षात येते. पण हॉटेलात शेजारी बसलेल्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. चार-पाच दिवसांनी लक्षणे दिसतात तेव्हा रुग्णाला त्याची आठवणही नसते. त्यामुळे अशी प्रकरणे नोंदींत उतरणे मुळातच अवघड होते. तरीही पुरावा आहे. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये लक्षणे असलेल्या ३१४ प्रौढांची चौकशी झाली. त्यांतील ज्यांची चाचणी बाधित आली, त्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत उपाहारगृहात जेवल्याचे सांगण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक होती. दुकानात जाण्याच्या किंवा केस कापून घेण्याच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. या अभ्यासाची मर्यादाही सांगितली पाहिजे : आत बसले की बाहेर, हे त्यात विचारलेले नव्हते. पण ग्वांगजौ आणि जेओंजू यांच्याबरोबर तो वाचला, तर ‘पुरावा नाही’ हे विधान करता येत नाही.

सरकारी परवानगीबाबत ब्रिटनचे उदाहरण पुरेसे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या सरकारने नुसती परवानगी दिली नाही, तर सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवणाऱ्यांचे निम्मे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, स्वतः भरले. वॉरिक विद्यापीठातील थिमो फेट्झर यांच्या अभ्यासानुसार त्या काळात नव्याने आढळलेल्या संसर्ग-समूहांपैकी ८ ते १७ टक्के या योजनेशी जोडता येतात. सरकारे रोजगार, करमहसूल आणि रुग्णालयातील खाटा यांचा एकत्र हिशेब करून निर्णय घेतात, आणि तसाच तो घ्यावा लागतो. त्या हिशेबात तुमच्या घरातल्या डायलिसिसवरच्या काकांची वेगळी नोंद नसते. ती तुम्हालाच ठेवावी लागते.

लसीचा मुद्दा मात्र मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस नॉर्वेतील ऑस्लो शहरात एका उपाहारगृहात नाताळची मेजवानी झाली. ११७ जण आले होते, त्यांतल्या ९६ टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झालेले होते, तरीही ओमायक्रॉनची लागण सुमारे ७४ टक्क्यांना झाली. अहवाल लिहिला गेला तोपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही रुग्णालयात दाखल करावे लागले नव्हते. अर्थात ते बहुतेक तीस ते पन्नास वयाचे होते. यातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. लशीने बंद खोलीतली हवा बदलली नाही, पण लागण झाल्यावर काय होते हे पुष्कळ बदलले. म्हणून निरोगी तरुणाने २०२० मध्ये आणि २०२२ मध्ये वेगवेगळा निर्णय घेतला असेल, तर त्यात विसंगती नाही.

शेवटचा मुद्दा हॉटेलात राबणाऱ्यांचा, आणि मला तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ग्राहक दीड तास बसून निघून जातो. वेटर, कॅप्टन आणि गल्ल्यावरचा माणूस त्याच खोलीत दहा-बारा तास असतात, आणि भटारखान्यात आचारी भट्टीसमोर घामाने भिजलेला मास्क लावून उभा असतो. रात्री यांतले बरेच जण हॉटेलच्याच पोटमाळ्यावर किंवा एकाच खोलीत दाटीवाटीने झोपतात. कॅलिफोर्नियात २०२० च्या मार्च ते ऑक्टोबर या काळात कामकरी वयातील माणसांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा आचाऱ्यांचे मृत्यू एरवीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेले आढळले. ज्यांच्या नावाने आपल्याला हॉटेलात यायचा आग्रह केला जातो, त्यांच्या वाट्याला त्या हवेचा सर्वांत मोठा हिस्सा येतो, आणि याबद्दल मजकुरात एक शब्दही नाही.

त्यांच्यासाठी काही करायचे असेल तर रुग्ण वाढलेले असताना पार्सल न्यावे आणि टिप रोख हातात द्यावी. बसून जेवायचेच असेल तर मोकळ्या जागेतले टेबल मागावे, गर्दीच्या वेळा टाळाव्यात आणि जेवण झाल्यावर गप्पांसाठी रेंगाळू नये. मालक ओळखीचे असतील तर त्यांना आणखी एक सांगावे : सॅनिटायझरच्या स्टँडवर आणि टेबलांमधल्या प्लॅस्टिकच्या पडद्यांवर खर्च करण्याआधी एसी रूमच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवा, समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवा आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहान यंत्र गल्ल्यावर ठेवा. बाहेरच्या हवेत त्याचा आकडा चारशेच्या थोडा वर असतो. गर्दीच्या वेळी खोलीतला आकडा आठशेच्या वर चढून राहत असेल, तर ग्राहक एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा आत घेत आहेत, आणि तुमचे वेटर ती सकाळपासून घेत आहेत.