हॉलंडचा आकडा म्हणे!

नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंड या बंदराच्या गावाचं मराठी काय केलंय पाहिलंत? ‘हॉलंडचा आकडा’! युरोप सहलीचं छापील पत्रक, दिवस चौथा, ठळक अक्षरांत. अहो, तिथे आकडा नाही की गळ नाही. डच ‘हुक’ म्हणजे कोपरा. घराचा असतो ना, तसला. इंग्रजांनी आवाज ऐकला, आपला हूक त्यावर बसवला, डच ‘फान’ म्हणजे ‘चा’, त्याचं ‘ऑफ’ केलं. त्यावरून आमच्या भाषांतरकाराने आकडा काढला. मूळ नावात डोकावायला पैसे पडतात का? 2019 पासून रॉटरडॅमच्या मेट्रोची बी लाइन जाते तिथे, पाटीवर स्वच्छ ‘हुक फान हॉलंड’ लिहिलेलं असतं. आकडा शोधत बसलेला माणूस बसूनच राहणार!

खाली ‘फ्लशिंग’. ते डच गाव व्लिसिंगन हो! नकाशात फ्लशिंग टाकलंत तर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जाऊन पडाल, यूएस ओपनचं टेनिस बघा मग.

‘द हेग’चं तर डोकंच फिरतं. ‘द हेगला’ काय? तो ‘द’ मराठीत कशाला? इंग्रजांकडे ख नाही म्हणून त्यांनी ग केला. आपल्याकडे अख्खा ख आहे, जरा घशातून खरवडा की झालं डेन हाख.

आणि हॉटेल शोधताना बेल्जियममधल्या, डच बोलणाऱ्या ल्युव्हेनऐवजी फ्रेंचवरून आलेलं लुव्हँ टाकू नका. लुव्हँ-ला-नव पुढ्यात येतं. ते पंचवीसेक किलोमीटरवरचं, फ्रेंच बोलणारं वेगळंच शहर. 1968 साली विद्यापीठ भाषेवरून फुटलं, त्यानंतर वसवलेलं. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली होती, भावकी परवडली!

उलटंही होतं. फ्लँडर्समधल्या, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातल्या फलाटावर फ्रान्समधल्या लीलची गाडी शोधाल तर फलकावर डच नाव ‘रेइसल’. बेल्जियमच्याच फ्रेंच भागातल्या लिएजचं ‘लाउक’, मॉन्सचं ‘बेर्खन’. दोन्ही नावं कागदावर लिहून न्या, नाहीतर गाडी डोळ्यांदेखत जाते.

आता आम्ही तरी कुठले सोवळे? कुणी ‘पूना’ म्हटलं की अंगावर धावून जातो आणि शीवला मात्र ‘सायन’ म्हणून उतरतो. नेदरलँड्सच्या बारा प्रांतांपैकी दोनच हॉलंड, तरी अख्ख्या देशाला हॉलंड म्हणून मोकळे. डचांनी तरी काय केलं? वेंगुर्ल्यात वखार घातली आणि कागदोपत्री ‘विंगुर्ला’ लिहीत बसले.

ते असो. आकडा तेवढा खोडा.