पानं माझी, पण डाव चौघांचा

भाऊ, पत्त्यांच्या डावात हातातलं पान दाखवण्यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "पानं माझ्या हातातली, मी ती कोणालाही दाखवीन. आखाजीच्या मेंढीकोटला ब्रिजचे नियम लावू नका. आणि ब्रिजवालेही अर्ध्यातच पानं टाकून मोकळे होतात की!"

(नवख्यांसाठी: आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आणि मेंढीकोट म्हणजे जोडीनं खेळायचा पत्त्यांचा डाव. चार दश्श्यांपैकी जास्त जिच्याकडे, ती जोडी जिंकते.)

आधी तुमचं बरोबर आहे ते. आधीच्या लेखात मी पान दाखवण्याला सरसकट 'फसवणूक' म्हटलं होतं. ते चुकलं, शब्द मागे घेतो. हातातून पान निसटणं वेगळं आणि मुद्दाम दाखवणं वेगळं. ब्रिजमध्येही बचाव करणाऱ्याकडून, म्हणजे किती हात घेणार ही बोली हरलेल्या जोडीतल्याकडून, नव्वी किंवा त्याखालचं एखादं पान चुकून उघडं पडलं तर शिक्षा हलकी असते. दश्शीपासून वरचं पान दिसलं, किंवा कुठलंही मुद्दाम दाखवलं, तर कडक.

पण 'पानं माझी' हे मला पटत नाही, आणि त्याला कारण मागच्या आखाजीचं आहे. आमरस-पुरणपोळी झाल्यावर निंबाखाली चटई टाकून गावातल्या जोड्यांची स्पर्धा चालली होती. चार हात (फेऱ्या) उरलेले, हुकूम संपलेले, चौकटचा एक्का आधीच गेलेला. दोन दश्श्या आमच्या, एक त्यांची. चौथी, चौकटची, माझ्या हातात, आणि उतारी, म्हणजे फेरीचं पहिलं पान, माझीच. राजा कोणाकडे आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी अडलो होतो. तेवढ्यात माझ्या भिडूनं मागे उभ्या पोरांना चौकटचा राजा उंच धरून दाखवला, "हा अजून आहे म्हटलं!" मी दश्शी टाकली, त्यानं राजानं उचलली, डाव आमचा. समोरचे काका काहीच बोलले नाहीत. पानं गोळा करून पिसायला लागले. भाऊ, त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. तो राजा दिसला नसता तर मी चौकट खेळलोच नसतो.

आता हेच ब्रिजच्या टेबलावर बचाव करणाऱ्या जोडीकडून झालं असतं तर? तो राजा उताणा टेबलावर राहिला असता, आणि नियमात बसेल त्या पहिल्या संधीला खेळावा लागला असता. शिवाय उतारी माझ्याकडे असताना बोली जिंकणारा मला म्हणू शकला असता, "चौकट खेळायची नाही." नेमकी तीच वाट बंद! उलट, बोली जिंकणाऱ्यानं स्वतःचं पान उघडं पाडलं तर त्याला शिक्षा नाही. त्याच्या भिडूची पानं आधीच टेबलावर मांडलेली असतात, भिडू स्वतःहून काही खेळत नाही, मग दिसलेल्या पानाचा फायदा घेणार कोण? म्हणजे बघितलं जातं ते एवढंच, की पान दिसल्यानं कोणाचा भिडू शहाणा झाला. मेंढीकोटही जोडीचाच खेळ आहे, तिथं हे का लागू नये?

राहिलं ब्रिजवाल्यांचं पानं टाकणं. तो दावा असतो. किती हात आपले आणि ते कोणत्या क्रमानं घेणार, हे तिथल्या तिथं सांगावं लागतं. समोरच्यांना पटलं नाही तर पंच येतो, आणि शंका उरली तर निकाल दावा करणाऱ्याच्या विरुद्ध जातो. आपल्याकडं 'झालं, टाका पानं' म्हणतात आणि उरलेलं कोणी मोजतही नाही.

मेंढीकोटच्या 'बंद हुकूम' प्रकारात तर तुम्ही स्वतः हुकमाचं पान पालथं ठेवता, कोणी मागितल्याशिवाय उघडू देत नाही. त्या एका पानाची एवढी राखण करता, मग हातातल्या बारा पानांची का नाही?

येत्या आखाजीला दोनच गोष्टी मांडणार आहे. दिसलेलं पान उताणं ठेवायचं, आणि पान दाखवणाऱ्याच्या भिडूची उतारी आली की समोरच्या जोडीला तो रंग एकदा अडवता यायचा. तीस वर्षं खेळताय म्हणालात, तर यंदा पंच म्हणून तुम्हीच बसा. मागच्या वर्षीच्या त्या काकांना मी बोलावलं आहे.